‘डब्यात ठेव’ म्हटलं की जमतं, ‘डब्याखाली ठेव’ म्हटलं तरी डब्यातच!

सातारकर_बाई

नमस्कार मंडळी. सातारा जिल्ह्यातल्या एका विशेष शाळेत शिकवते. वर्गात ८ मुलं, वयं ९ ते १४. बहुतेकांची बौद्धिक अक्षमता तीव्र गटातली, दोघं मध्यम. एक मुलगा सेरेब्रल पाल्सीमुळे व्हीलचेअरवर. एक स्वमग्न मुलगी अजिबात बोलत नाही, चित्रकार्ड हातात देऊन हवं ते मागते.

यंदा एमडीपीएस भरताना (मुलाला काय येतं, काय नाही ते नोंदवायचा तक्ता, तेच ते १८ विभाग आणि ३६० मुद्दे) दिसलं की वर, खाली, आत, मागे, पुढे, शेजारी या शब्दांवर सगळीच पोरं अडखळतात. म्हणून जवळपास सगळ्यांच्या आयईपीत, म्हणजे प्रत्येक मुलासाठी वेगळ्या केलेल्या शिक्षण आराखड्यात, ते घातलं. आता गाडी कुठे अडली ते सांगते.

एका मुलाला इथे दाद्या म्हणू. त्याच्यासमोर लाल डबा ठेवते, हातात चेंडू देते. ‘चेंडू डब्यात ठेव.’ ठेवतो, टाळ्या वाजवतो. ‘डब्याखाली ठेव.’ पुन्हा डब्यात, पुन्हा टाळ्या. ‘डब्याच्या मागे ठेव.’ डब्यात. आणि मी टाळ्या वाजवल्या नाहीत तर माझे हात धरून वाजवायला लावतो! डब्याऐवजी टेबल घेतलं की चेंडू कायम टेबलावर. ‘टेबलाखाली’ म्हटलं तर कधी कधी टेबलाच्या बाजूला फरशीवर ठेवतो आणि माझ्याकडे बघतो, आता बरोबर ना, असं.

चित्रांची तर वेगळीच गंमत. शाळेत छापील संच आहे, झाड आणि मांजर. मांजर झाडावर, मांजर झाडाखाली, मांजर झाडाच्या मागे. मागे असलेल्या मांजराचं अर्थातच अर्धंच अंग दिसतं. दाद्याने ते कार्ड बघितलं, बोट ठेवलं आणि म्हणाला, ‘मांजर तुटली.’ त्यानंतर तो ते कार्ड हातात घेत नाही.

माझे प्रश्न असे. क्रम कोणता घ्यायचा? वर-खाली, आत-बाहेर अशा जोड्या एकत्र शिकवायच्या का? चित्रं कधी आणायची? न बोलणाऱ्या मुलीचं आणि व्हीलचेअरवाल्या मुलाचं काय करायचं? शिवाय तपासणीला येणारे साहेब दर वेळी ‘डावं-उजवं येतं का?’ एवढंच विचारतात, त्याचंही उत्तर तयार ठेवायचंय.

खडू_फळा

बाई, तुमच्या दाद्याचं डोकं छान चालतं. त्याला ‘डब्यात’ येत नाही, एवढंच.

चिडू नका. उघडं तोंड वर असलेला डबा दिसला की लहान मूल हातातली वस्तू त्यात टाकतं. सपाट जागा दिसली की तिच्यावर ठेवतं. तुम्ही तोंडाने काय म्हणता याच्याशी त्याचा संबंध नसतो. मुलं भाषा कशी शिकतात याच्या अभ्यासक ईव्ह क्लार्क यांनी १९७३ साली हे दाखवून दिलं, तेही कुठलीच अडचण नसलेल्या लहान मुलांमध्ये. तुमचा दाद्या त्याच पायरीवर उभा आहे, वय फक्त जास्त आहे. म्हणजे ‘डब्यात’ला त्याला मिळालेले गुण हे डब्याचे गुण आहेत.

आता हे तपासायचं कसं? अशी वस्तू घ्या की जिच्यात दोन्ही गोष्टी सारख्याच सहज करता येतील. मी बुटांचं खोकं आडवं ठेवायचे, तोंड मुलाकडे. आत सरकवता येतं आणि वरही ठेवता येतं. मग एकदा ‘आत’, दोनदा ‘वर’, पुन्हा ‘आत’ असं उलटसुलट विचारायचं. ठरावीक पाळीने विचारलंत तर ही पोरं पाळी शिकतात, शब्द नाही.

दुसरं, तुमचे डोळे. आपण ‘खाली’ म्हणतो आणि नकळत खाली बघतो. हात त्या दिशेला हलतो, मान झुकते. मूल तेच वाचतं, आणि त्यात वाईट काही नाही, पण मग शब्द शिकायची त्याला गरजच पडत नाही. मोबाइल खिडकीत टेकवून आपलाच एक तास चित्रित करा आणि आवाज बंद करून बघा. आवाजाशिवाय तुम्हालाही कळत असेल की काय सांगितलंय, तर मुलालाही तसंच कळत होतं. शिकवताना खुणा भरपूर द्या, हात धरूनही करून घ्या. हळूहळू कमी करा. तपासताना मात्र हात मांडीवर आणि नजर मुलाच्या कपाळावर.

तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची, आणि ती आपल्या मराठीतच दडली आहे. दाद्या टेबलाच्या बाजूला फरशीवर चेंडू ठेवतो ना? ते चूक नाही. दिवसभर तो काय ऐकतो? खाली बस. खाली ठेव. खाली पडलं बघ. खाली उतर. या प्रत्येक ‘खाली’चा अर्थ ‘फरशीवर’ किंवा ‘फरशीच्या दिशेने’. तुमचं ‘टेबलाखाली’ त्याने ‘टेबल... खाली’ असं ऐकलं, आणि टेबलापाशी फरशीवर ठेवलं. इमानदारीत केलं पोराने.

त्यावर उपाय असा की फरशीच खेळातून काढून टाका. चौरंग टेबलावर चढवा. आता चौरंगाखाली ठेवायचं म्हणजे टेबलाच्या पृष्ठभागावर, पण चौरंगाच्या आडोशाला. फरशीवर ठेवलं तर ते उघड वेगळं दिसतं, आणि तुम्हालाही कळतं की तो कुठला ‘खाली’ ऐकतोय. त्याआधी झाकण्याचा खेळ घ्या. रुमालाखाली शेंगदाणा, उपड्या वाटीखाली चुरमुरे, उशीखाली खुळखुळा. जे झाकलं जातं ते ‘खाली’ जातं, हे एकदा हाताला कळलं की पुढचं सोपं.

क्रमाबद्दल. जॉन्स्टन आणि स्लोबिन या संशोधकांनी १९७९ मध्ये इंग्रजी, इटालियन, सर्बो-क्रोएशियन आणि तुर्की बोलणारी लहान मुलं बघितली. तुर्कीत आपल्यासारखेच हे शब्द नामाच्या नंतर येतात. चारही भाषांत ढोबळमानाने क्रम सारखा निघाला: आत, वर, खाली आणि शेजारी हे आधी. मग ‘दोघांच्या मध्ये’. मागे-पुढे त्याच सुमाराला, पण ज्यांना स्वतःचं तोंड आणि पाठ असते त्यांच्या बाबतीत, म्हणजे गाडी, खुर्ची, माणूस. चेंडूच्या मागे, झाडाच्या मागे हे सगळ्यात उशिरा, कारण चेंडूला पाठ नसते; तुम्ही कुठे उभ्या आहात त्यावर त्याचं ‘मागे’ ठरतं. तुमच्या छापील संचातलं झाड म्हणूनच घात करतं. त्यात मांजर अर्धं झाकलेलं. ‘मांजर तुटली’ हे मला तरी अगदी बिनचूक निरीक्षण वाटतं! तो संच कपाटात जाऊ द्या. चित्र हवंच असेल तर आधी खरं खोकं, खरा चेंडू, मग त्याच खोक्याचा मोबाइलवर काढलेला फोटो, तोही ठेवल्या ठेवल्या लगेच दाखवायचा. रेखाचित्र फार पुढे.

आणि या सगळ्याच्या आधी अंग. मूल स्वतः टेबलाखाली शिरलं पाहिजे, खोक्यात बसलं पाहिजे, दाराच्या मागे लपलं पाहिजे. ‘मामाचं पत्र हरवलं’ यासारखा ‘मागे’ शिकवणारा खेळ मी दुसरा पाहिला नाही. गोलात बसलेल्या मुलाला वळून हात मागे फिरवावाच लागतो. माझ्या वर्गातली काही पोरं पत्र मागे टाकायचं सोडून थेट हातात नेऊन द्यायची. पोस्टमन झाले, चालतंय. मदतनीस मावशी त्यांचा हात धरून मागे टाकून घ्यायच्या.

डावं-उजवं आयईपीतून काढून टाका. ज्या मुलाला अजून ‘खाली’ येत नाही त्याला डाव्या-उजव्याचं ओझं कशाला? चप्पल बरोबर पायात जायला ते शब्द लागत नाहीत. दोन्ही चपलांच्या आतल्या कडेला रंगाचा एकेक ठिपका काढा, ठिपक्याला ठिपका भिडला की झालं. साहेबांना ठिपके दाखवा.

वाणी_उपचार_पुणे

खडू_फळा ताईंच्या बहुतेक मुद्द्यांना अनुमोदन. मी वाचाउपचारतज्ज्ञ आहे, त्यामुळे थोडं कानाच्या बाजूने.

‘डब्यात’ आणि ‘डब्यावर’ पुन्हा एकदा मोठ्याने म्हणून बघा. पहिला भाग हुबेहूब सारखा, आणि जो भाग कामाचा तो शेवटी. त्यातही ‘डब्यात’मध्ये तर नुसता एक त. वर्गात पंखा सुरू असतो, शेजारच्या वर्गात प्रार्थना. तो त मुलापर्यंत पोचतच नाही. म्हणून सुरुवातीला जोडून बोलू नका. ‘डब्याच्या... आत.’ आधी किंचित थांबा आणि ‘आत’वर जोर. ‘डब्याच्या... वर.’ हे पक्कं झालं की मग रोजच्यासारखं ‘डब्यात’, ‘डब्यावर’.

वर्गात डाउन सिंड्रोमची मुलं असतील तर कानाची तपासणी झाली आहे का ते बघा. त्यांच्यात पडद्यामागे पाणी साठण्याचं प्रमाण बरंच असतं आणि ऐकू येणं कमी-जास्त होत राहतं. ‘काल आलं, आज येत नाही’ या तक्रारीमागे कधी कधी एवढंच असतं.

आता वाक्य केवढं असावं? ‘चेंडू डब्याखाली ठेव’ हे आपल्याला एक वाक्य वाटतं. पण समोर चेंडू आणि चमचा दोन्ही असतील, डबा आणि टोपली दोन्ही असतील, तर मुलाला तीन निवडी कराव्या लागतात. एकच चेंडू, एकच खोकं ठेवलं तर निवड एकच उरते, ‘कुठे’ची. ब्रिटनमधल्या डर्बीशर लँग्वेज स्कीम या भाषा शिकवण्याच्या पद्धतीचं हेच सूत्र आहे: ज्या शब्दावाचून काम भागतं तो शब्द मुलाला समजला असं धरायचं नाही. आधी एका निवडीवर पक्कं करा, मग वस्तू वाढवा.

जोड्यांबाबत मात्र माझं मत वेगळं पडू शकतं. काही जण एक शब्द पूर्ण घोटून घेतल्याशिवाय दुसरा काढत नाहीत. मला ते पटत नाही. नुसतं ‘आत, आत, आत’ केलं तर मूल कृती शिकतं, आणि शब्दाला काही काम उरत नाही. समोर दुसरा पर्याय हवाच. फक्त तो उलट अर्थाचा नको. आत आणि वर ही जोडी चांगली. आत-बाहेर नको, कारण ‘बाहेर’ म्हणजे आपल्या घरांमध्ये फिरायला जाणं. माझ्याकडचा एक छोटा ‘बाहेर’ ऐकलं की चेंडू टाकून चपला शोधायला लागायचा.

न बोलणाऱ्या मुलीला आज्ञा पाळायला लावण्याआधी आज्ञा द्यायला लावा. ‘आत’ आणि ‘वर’ अशी दोन कार्डं, त्याच लाल डब्याच्या फोटोंची. ती कार्ड देईल तिथे तुम्ही वस्तू ठेवायची. ‘वर’ दिलं तर बिस्किटाचा पुडा तुमच्या डोक्यावर. बाईंना नाचवता येतं म्हटल्यावर तिची कार्डं पटापट येतील. आयआयटी मुंबईच्या आयडीसी या डिझाइन विभागात तयार झालेलं, चित्रांवर बोट ठेवून बोलायचं जेलो ॲप मराठीतही आहे, पण तिला कार्ड देण्याची सवय आहे तर आधी कार्डंच वापरा.

डोंबिवलीचा_बाबा

मी शिक्षक नाही. मुलगी १७ वर्षांची आहे, डाउन सिंड्रोम. आमच्याकडे ‘खाली’ कांद्यांनी शिकवलं.

कांदे-बटाट्याची टोपली ओट्याखाली असते. रोज भाजीच्या वेळी आई म्हणायची, ‘कांदे आण, ओट्याखाली आहेत.’ पहिले कित्येक दिवस ती ओट्यासमोर उभी राहून ओट्यावर शोधायची. मग एकदा वाकली. कांदा मिळाला. त्या दिवशी भजी झाली. पुढे लसूण फ्रिजच्या वर, पोळ्यांचा डबा मिक्सरशेजारी, असं करत करत स्वयंपाकघर तिच्या ताब्यात गेलं. आता मलाच विचारावं लागतं, झारा कुठाय म्हणून.

आमच्या थेरपिस्टनी एक सांगितलं होतं ते उपयोगी पडलं: मुलीला खरोखर हवी असलेली वस्तू कुठे आहे ते सांगा. आमच्याकडे ती वस्तू म्हणजे टीव्हीचा रिमोट. मालिकेच्या पाच मिनिटं आधी मी तो लपवायचो आणि फक्त बोलायचो, ‘उशीखाली.’ ‘पेपरच्या मध्ये.’ ‘आजीच्या मागे.’ शेवटच्यात आजीला हसू आवरायचं नाही, त्यामुळे उत्तर फुटायचं, ते सोडा.

अडचण आमच्या घरच्या सवयीची होती. मराठी घरात जागा तोंडाने सांगतच नाहीत, हनुवटीने सांगतात. ‘ते बघ तिकडे’ आणि हनुवटी वर. आमच्या सौ.चे दोन्ही हात पिठात असायचे, मग तर हनुवटीशिवाय इलाजच नाही. ‘तिकडे’, ‘इथे’, ‘ते तसलं’ हे शब्द घरात बंद करणं मुलीला शिकवण्यापेक्षा कठीण गेलं. मॅडम, पालकसभेत हे जरूर सांगा. शाळेत खोकं आणि चेंडू कितीही करा, घरी ‘ते तिकडचं’ चालू राहिलं तर पोरांना शब्द कानावर पडणार कुठून?

चाकांवरून

व्हीलचेअरवाल्या मुलाबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. मी फिजिओथेरपिस्ट.

हा मुलगा कदाचित आयुष्यात कधी कशाच्या खाली गेलेला नाही. आपण लहानपणी पलंगाखाली, आईच्या पदरामागे, गोधडीत घुसून जे शिकलो ते त्याला मिळालेलं नाही. दोन माणसांनी नीट उचलून (कंबर आणि मान सांभाळून, कशी ते त्याच्या फिजिओला विचारून) त्याला गादीवर ठेवा आणि त्याच्यावरून सगळ्यांनी मिळून जुनी साडी चारी कोपऱ्यांनी धरून वर-खाली करा. ‘साडीच्या... खाली!’ साडी खाली आली की तो खाली, वर गेली की मोकळा. बाकीची मुलंही आळीपाळीने खाली झोपू देत.

‘मागे’ तर त्याला रोज भेटतं, फक्त नाव नसतं. त्याची खुर्ची ढकलणारा माणूस कायम मागे असतो. ढकलायला सुरुवात करण्याआधी ‘मी मागे आहे’ एवढं म्हणायचं. मग कधी समोर येऊन ‘आता मी पुढे’. अशा मुलांना न सांगता खुर्ची ढकलली की दचकायला होतं, ते दचकणंही यातून कमी होतं.

नजर किंवा हात फारच मर्यादित असतील तर डेन्मार्कच्या लिली नील्सन यांची ‘लिटिल रूम’ ही कल्पना बघा. त्यांनी ती अंध आणि बहुविकलांग मुलांसाठी काढली. मूल आडवं होईल एवढी छोटी पेटी, छताला आणि बाजूंना वस्तू टांगलेल्या. मुख्य म्हणजे वस्तूंच्या जागा बदलायच्या नाहीत. हात वर गेला की चमचे वाजणार, बाजूला गेला की खरखरीत ब्रश लागणार. रोज तिथेच. जागा म्हणजे काय हे तिथून सुरू होतं, शब्द नंतर येतो. शाळेत पुठ्ठ्याचं मोठं खोकं आणि सुतळी वापरून काम भागतं, फक्त सुटून तोंडात जाईल असं काही टांगू नका.

सातारकर_बाई

सगळ्यांचे आभार. चौरंग टेबलावर चढवून बघितला. ‘चौरंगाच्या... खाली’ म्हटल्यावर दाद्याने चेंडू आधी वर ठेवला, मग माझ्या तोंडाकडे बघितलं. मी कपाळावर नजर ठेवली होती. तिथे काही मिळेना म्हणून त्याने मावशींकडे बघितलं! मावशी छताकडे बघत होत्या, कारण मी त्यांना आधीच पढवलं होतं. मग त्याने चेंडू उचलून चौरंगाच्या पायांमधून आत ढकलला. पुढच्या वेळी पुन्हा वर. म्हणजे धरसोड आहे, पण पूर्वीसारखं डोळे झाकून एकाच जागी टाकणं थांबलं.

न बोलणाऱ्या मुलीने बिस्किटाचा पुडा माझ्या डोक्यावर ठेवायला लावला आणि नंतर ‘आत’चं कार्ड दिलं. डबा समोर होता, पण ती माझ्या तोंडाकडे बोट दाखवत होती. ते मी बरोबर धरलं.

एकच विचारायचं राहिलं. हे आयईपीत लिहायचं कसं? मी ‘५ पैकी ४ वेळा बरोबर’ असं लिहिते.

खडू_फळा

तोंडाच्या आत म्हणजे आतच. बरोबर धरलंत.

५ पैकी ४ नको. दोनच जागा असतील तर काही न कळता नुसत्या अंदाजानेसुद्धा ५ पैकी किमान ४ बरोबर येण्याची शक्यता ३२ मध्ये ६ असते. म्हणजे वर्गातल्या एखाद्याला तरी फुकटात ‘साध्य’ मिळणार आणि पुढच्या वर्षीच्या बाई डोकं धरून बसणार. १० पैकी ९ धरा. एका दिवशी दहा नकोत, पोरं कंटाळतात. चार-पाच दिवसांत विखरून करा.

वाक्य असं लिहा: ‘खोक्याच्या आत, वर आणि खाली अशा तिन्ही जागा मोकळ्या असताना, बोट, मान किंवा नजरेची खूण न देता, नुसता शब्द ऐकून वस्तू त्या जागी ठेवतो. वर्गात आणि घरी, बाईंसोबत आणि मावशींसोबत, खोकं आणि चौरंग दोन्हींवर.’ (खोकं जरा उचलून दोन विटांवर ठेवा, म्हणजे त्यालाही ‘खाली’ मिळेल.) घरची नोंद आईने करायची, वहीत बरोबर-चूक अशा खुणा पुरे. डोंबिवलीच्या बाबांचा हनुवटीचा मुद्दा त्याच वहीच्या पहिल्या पानावर चिकटवा.

साहेब आले की दाद्याला त्यांच्यासमोर करायला सांगू नका. साहेबांनाच सांगा, तुम्ही चेंडू द्या आणि सांगा. ते हमखास बोट दाखवतील. मग त्यांना हात मागे बांधायला सांगा.